तूट कुणाची?

ब्रिटनमधल्या गावाखेड्यात पोस्ट ऑफिस म्हणजे बहुतेक ठिकाणी एखाद्या दुकानाचा कोपरा असतो. पुढच्या बाजूला दूध, पाव, वर्तमानपत्रं. मागे काचेआड पोस्टाचं काउंटर. ते चालवणारा सबपोस्टमास्तर सरकारी नोकर नसतो. आयुष्यभराची पुंजी घालून तो दुकान विकत घेतो, सोबत पोस्टाचं कंत्राट घेतो आणि पुष्कळदा त्याच इमारतीत माडीवर राहतो. पेन्शन घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो नावानं ओळखतो. अर्ज भरून देतो, पाकिटाचं वजन करतो, वीजबिल घेतो, मुलांच्या बचत खात्यात पैसे जमा करतो. गावात डॉक्टर आणि शाळामास्तरांइतकाच त्याच्या शब्दाला मान असतो, कारण सगळ्यांचे पैसे त्याच्या हातून जातात.

या कामाचा कस लागायचा तो बुधवारी संध्याकाळी. दुकानाला कुलूप लावायचं आणि आठवड्याचा मेळ घालायला बसायचं. नोटा मोजायच्या, चिल्लर मोजायची, शिल्लक तिकिटं आणि पोस्टल ऑर्डरी मोजायच्या, चेकांची बेरीज करायची. कागदी वह्यांच्या काळात मेळ लागला नाही तर माणूस वही उलटी चाळत मागे जायचा. कुठे तरी सातचा एक झालेला असायचा किंवा एक चेक पाकिटात राहिलेला असायचा. चूक सापडायची, कारण ती शोधायची वाट त्याच्या हातात होती.

१९९९-२००० मध्ये ही वाट बंद झाली. देशभरातल्या हजारो पोस्ट ऑफिसांत 'होरायझन' ही संगणकप्रणाली बसवण्यात आली. ती मुळात सरकारी भत्ते कार्डावर देण्यासाठी आयसीएल या कंपनीकडून करून घेतली जात होती. भत्त्यांचं सरकारी खातं १९९९ मध्ये त्या योजनेतून बाहेर पडलं आणि उरलेली प्रणाली पोस्टाच्या काउंटरवर हिशोबासाठी आली. आयसीएल पुढे जपानच्या फुजित्सूच्या नावानं काम करू लागली. सबपोस्टमास्तरांना जुजबी प्रशिक्षण मिळालं, मदतीसाठी एक फोन नंबर मिळाला आणि काम सुरू झालं.

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर लँडुडनोजवळच्या क्रेग-ई-डॉन इथं ॲलन बेट्स आणि त्यांच्या जोडीदार सुझॅन सर्कम १९९८ पासून पोस्ट चालवत होते. २००० च्या अखेरीस, होरायझन येऊन काही आठवडे झाले असतील, यंत्रानं सुमारे ६,००० पौंडांची तूट दाखवली. बेट्स यांनी कागदाच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या छापून घेतल्या आणि एकेक नोंद तपासली. बराचसा घोळ दुबार नोंदींचा निघाला. उरलेल्या हजारभर पौंडांचं काय, हे शोधायला आवश्यक असलेली माहिती त्यांच्या पडद्यावर उपलब्धच नव्हती. त्यांनी पत्र लिहून सांगितलं की, जी तूट तपासायची सोय तुम्ही मला देत नाही, ती मी भरून देणार नाही. पत्रापत्री तीन वर्षं चालली. २००३ च्या नोव्हेंबरात पोस्ट ऑफिसनं त्यांचं कंत्राट संपवलं. कारण दिलं नाही. पोस्टात घातलेले पैसेही गेले.

बेट्स यांनी न पटलेल्या हिशोबावर सही केली नाही म्हणून ते फौजदारीतून वाचले. ज्यांनी सही केली त्यांची कहाणी वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायची तर मेळाचा पडदा जवळून पाहावा लागतो.

हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन दुकान, चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आणि पोस्ट चालवायच्या. २००३ च्या डिसेंबरात होरायझननं त्यांना सुमारे २,००० पौंडांची तूट दाखवली. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं तशी त्यांनी एकेक कळ दाबली. शेवटची कळ दाबली आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. आता यंत्र सुमारे ४,००० पौंड मागत होतं. फोनवरून उत्तर मिळालं ते असं की, करारानुसार तूट तुम्हीच भरायची. महिन्याच्या मोबदल्यातून ते पैसे कापून घेतले गेले. पुढे तूट वाढतच गेली, घर गहाण पडलं, ओळखीपाळखीतून उसनवारी झाली.

२००५ पासून एक बदल झाला आणि कोंडी पक्की झाली. मेळ आता महिन्याचा झाला आणि वादातली रक्कम बाजूला टाकून ठेवण्याचं जे स्थानिक खातं होतं ते काढून घेण्यात आलं. महिनाअखेर पडद्यावर पर्याय यायचे ते रोख भरा, चेकनं भरा किंवा मुख्यालयाच्या खात्यावर टाका. शेवटचा पर्याय निवडला की ती रक्कम थकबाकी म्हणून वसुलीला लागायची. 'ही तूट मला मान्य नाही' असं सांगणारं बटण नव्हतं. हिशोब पुढच्या महिन्यात ढकलल्याशिवाय दुसऱ्या दिवशी काउंटर उघडता येत नसे, आणि तो ढकलायचा तर गल्ल्यात आहे त्यापेक्षा जास्त रोख असल्याचं लिहावं लागे. बाहेर पेन्शनची रांग उभी असे. हॅमिल्टन यांनी तसं लिहिलं. कायद्याच्या भाषेत हा खोटा हिशोब ठरला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणीही खासगी फिर्याद चालवू शकतं आणि पोस्ट ऑफिसकडे स्वतःचे तपासनीस आणि स्वतःचे वकील पूर्वीपासून होते. म्हणजे ज्याचे पैसे गेल्याचा दावा, तोच तपास करणारा, तोच पुरावा जपणारा आणि तोच कोर्टात फिर्याद चालवणारा. हॅमिल्टन यांच्यावर ३६,००० पौंडांहून अधिक रकमेच्या चोरीचा आरोप ठेवला गेला. खोट्या हिशोबाची कबुली द्या, पैसे भरा, होरायझनला दोष देऊ नका, मग चोरीचा आरोप मागे घेऊ, अशी तडजोड झाली. तुरुंग टळावा म्हणून त्यांनी कबुली दिली. गावकऱ्यांनी पैसे गोळा करून दिले. २००८ मध्ये विंचेस्टरच्या कोर्टात शिक्षा सुनावताना ते त्यांच्या पाठीशी येऊन बसले होते. पोस्टाच्या स्वतःच्या तपासनिसानं चोरीचा पुरावा आढळला नसल्याचं आपल्या अहवालात लिहून ठेवलं होतं. ते वाक्य कोर्टात मांडलं जायला आणखी तेरा वर्षं लागली.

सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटमध्ये सीमा मिस्रा यांनी २००५ मध्ये पोस्ट घेतलं. प्रशिक्षक दुकानात हजर असतानाच हिशोब कमी पडू लागला होता. नातेवाइकांकडून उसने आणून, दुकानाच्या गल्ल्यातून काढून त्या तो खड्डा भरत राहिल्या. २०१० मध्ये गिल्डफर्डच्या कोर्टात त्यांच्यावर ७४,००० पौंडांच्या चोरीचा खटला उभा राहिला. यंत्राच्या नोंदी तपासायला द्या, अशी मागणी त्यांच्या वकिलांनी वारंवार केली. पूर्ण नोंदी मिळाल्या नाहीत. ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. पोटात बाळ नसतं तर आपण जीव दिला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं. गावात त्यांच्या नवऱ्याला मारहाण झाली. त्या चार महिन्यांनी सुटल्या तरी बाळंतपण पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यासह झालं.

आशियाई कुटुंबांच्या वाट्याला हा छळ फार आला. ब्रिटनमधली कोपऱ्यावरची दुकानं आणि त्यांतली पोस्टं चालवणाऱ्यांत भारतातून, पाकिस्तानातून आणि पूर्व आफ्रिकेतून आलेली माणसं मोठ्या संख्येनं होती. पोस्टाच्या सुरक्षा विभागाची एक जुनी मार्गदर्शिका २०२३ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आली. संशयितांची नोंद करताना त्यांचा वंश वसाहतकाळातल्या अवमानकारक शब्दांत वर्गवारी करून लिहायची सूचना तीत होती. पोस्ट ऑफिसला जाहीर माफी मागावी लागली.

पण इतक्या कोर्टांनी, इतक्या न्यायाधीशांनी यंत्रावर विश्वास ठेवला कसा? याचं उत्तर एका रद्द झालेल्या कलमात आहे. १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार, संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणणाऱ्यानं तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवायचं असे. हे कलम जाचक वाटू लागलं. प्रत्येक खटल्यात यंत्राची खातरजमा कोण करत बसणार, असा प्रश्न आला. कायदा आयोगानं १९९७ मध्ये ते काढून टाकण्याची शिफारस केली, संसदेनं १९९९ मध्ये ती मानली आणि एप्रिल २००० पासून कलम गेलं. त्यानंतर उरलं ते जुनं गृहीतक, की यंत्र नीट चालत होतं असं धरून चालायचं आणि बिघाड होता असं ज्याचं म्हणणं असेल त्यानं निदान संशयाला जागा दाखवायची. होरायझन देशभर बसत होतं तेच हे वर्ष. काउंटरवरच्या माणसानं बिघाड दाखवायचा, पण बिघाडाच्या सगळ्या नोंदी ब्रॅकनेलला फुजित्सूच्या कचेरीत. मूळ व्यवहारांच्या नोंदी मागवायच्या तर करारातल्या ठरावीक मर्यादेपलीकडे पोस्टाला फुजित्सूला पैसे मोजावे लागत. त्यामुळे मागवण्यातही हात आखडता राहिला.

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांचा अनुभव याचा दिवाणी नमुना आहे. त्यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा फोन केले होते. सुमारे २५,००० पौंडांच्या वसुलीसाठी पोस्ट ऑफिसनं त्यांच्यावर उच्च न्यायालयात दावा लावला. वकिलाचा खर्च झेपेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले. तुम्ही हिशोबावर सही केली आहे, तेव्हा तो चुकीचा असल्याचं तुम्हीच सिद्ध करा, अशी भूमिका २००७ च्या निकालात घेतली गेली. दाव्याचा ३,२१,००० पौंडांचा खर्च त्यांच्यावर बसला आणि दिवाळं निघालं. पुढची कित्येक वर्षं कुणी तक्रार घेऊन आलं की त्याच्यासमोर हाच निकाल ठेवला जाई.

याच सुमारास एसेक्समधल्या एका सबपोस्टमास्तर बाईंच्या खटल्यात मात्र ज्यूरीनं एक साधा प्रश्न विचारला. होरायझननं दाखवलेला आकडा पटला नाही तर या बाईंनी करायचं तरी काय? फिर्यादी पक्षाला उत्तर देता आलं नाही. बाई निर्दोष सुटल्या. सुटूनही त्यांचं पोस्ट गेलं, पैसा गेला. तरी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नेमका कायद्याचा प्रश्न कुठल्या विद्वान वकिलानं विचारला नव्हता. तो ज्यूरीतल्या सामान्य माणसांनी विचारला होता, कारण त्यांनी त्या पडद्यासमोर स्वतःला उभं करून पाहिलं.

कॅसलटन, मिस्रा, हॅमिल्टन या सगळ्यांच्या साक्षींमध्ये एक गोष्ट सारखी येते. मदतकेंद्रातून, तपासनिसांकडून त्यांना सांगितलं जायचं की, दुसऱ्या कुणालाच असा त्रास नाही, तुम्ही एकटेच आहात. ही गोष्ट खोटी होती आणि ती खोटी आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. माणसं शेजाऱ्यांपासून, कधी नवऱ्या-बायकोपासूनही तूट लपवत राहिली. रात्री दोन वाजता उठून पुन्हा चिल्लर मोजत राहिली. आपलंच काहीतरी चुकतंय, असं ज्या प्रामाणिक माणसाला वाटत राहतं त्याला मोडणं सोपं असतं.

मे २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकानं सात सबपोस्टमास्तरांच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉरिकशरमधल्या फेनी कॉम्प्टन या गावाच्या सभागृहात बेट्स यांनी अशा लोकांची पहिली बैठक बोलावली. गाव निवडलं ते देशाच्या साधारण मध्यावर म्हणून, कुणालाच फार लांब पडू नये म्हणून. दारातून आत आल्यावर, खुर्च्या भरलेल्या पाहिल्यावर लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही. तिथून 'जस्टिस फॉर सबपोस्टमास्टर्स अलायन्स' ही संघटना उभी राहिली. संसदेतले जेम्स आर्बथनॉट त्यांच्या बाजूनं उभे राहिले. २०१२ मध्ये 'सेकंड साइट' या स्वतंत्र हिशोबतपासनिसांची नेमणूक झाली. त्यांच्या चौकशीत दोष दिसू लागले. २०१३ च्या जुलैमध्ये तर पोस्टाच्याच सल्लागार वकिलानं, सायमन क्लार्क यांनी, लेखी सांगितलं की फुजित्सूच्या ज्या अभियंत्याच्या साक्षीवर खटले उभे राहिले त्याला दोष माहीत होते आणि त्यानं ते कोर्टाला सांगितले नाहीत. तो सल्ला वर्षानुवर्षं आरोपींपर्यंत पोचला नाही. २०१५ मध्ये या तक्रारी मिटवण्यासाठीची समेटाची योजनाही गुंडाळली गेली.

मग उरलं ते कोर्ट. ५५५ जणांनी एकत्र येऊन उच्च न्यायालयात दावा केला. एकेकट्याला लाखाचा खर्च झेपत नव्हता, म्हणून दाव्यात पैसे गुंतवणाऱ्या कंपनीकडून निधी उभा केला. न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांच्यापुढे २०१८ च्या नोव्हेंबरात सुनावणी सुरू झाली.

पहिला निकाल १५ मार्च २०१९ चा. प्रश्न कराराचा होता. बार्कमच्या पॅम स्टब्ज यांच्यासारख्या सहा जणांचे अनुभव न्यायालयानं बारकाईनं ऐकले. स्टब्ज यांचं पोस्ट दुकानाच्या बांधकामापायी तात्पुरत्या केबिनमध्ये हलवलं होतं आणि तूट तिथं वाढू लागली. त्यांनी चौकशीची मागणी केली, आश्वासन मिळालं, निष्कर्ष कधीच हातात आले नाहीत. फ्रेझर यांनी ठरवलं की हा करार दीर्घकाळच्या परस्परविश्वासावर उभा आहे, त्यामुळे पोस्ट ऑफिसवर सचोटीनं वागण्याचं बंधन आहे. सबपोस्टमास्तरच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे झालेली तूटच त्याच्याकडून मागता येते, यंत्र दाखवेल ती सगळी नाही. हे करारात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. वीस वर्षं त्याचा अर्थ उलटा लावला गेला होता.

या निकालानंतर पोस्ट ऑफिसनं न्यायाधीशांनीच खटल्यातून बाजूला व्हावं, असा अर्ज केला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेनं चालू सुनावणीत टाकलेलं हे पाऊल होतं. अर्ज फेटाळला गेला, अपील न्यायालयानंही दाद दिली नाही.

दुसरा निकाल १६ डिसेंबर २०१९ चा, यंत्राबद्दलचा. त्यात काउंटरवरच्या माणसांना वर्षानुवर्षं जे दिसत होतं ते एकेक करून कागदावर आलं. स्कॉटलंडमधल्या डलमेलिंग्टनच्या नावानं ओळखला जाणारा दोष त्यापैकी एक. ८,००० पौंडांच्या रोकडीची थैली आली की तिचा बारकोड वाचून नोंद करायची. पडदा अडकला, माणसानं पुन्हा एंटर दाबलं, आणि यंत्रानं तीच थैली पुन्हा जमा धरली. असं करत चार थैल्यांची नोंद झाली. हातात ८,००० आणि पुस्तकात ३२,०००. म्हणजे एका कळीनं २४,००० पौंडांची तूट जन्माला घातली. माहीत असलेल्या दोषांची नोंदवही फुजित्सूकडे होती. सुरुवातीला तिचं अस्तित्वच पोस्टाला मान्य नव्हतं, मग ती गैरलागू ठरवण्यात आली, आणि ती उघडली तेव्हा तीत हजारो नोंदी निघाल्या. दूर बसून एखाद्या शाखेच्या हिशोबात त्या माणसाला न कळता व्यवहार घुसवणं फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना शक्य होतं, हेही सिद्ध झालं. तिथं काम केलेल्या रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्येच दूरचित्रवाणीवर हे सांगितलं होतं आणि पोस्ट ऑफिस ते नाकारत आलं होतं. प्रत्यक्षातला पुरावा समोर असताना यंत्र निर्दोष असल्याचा हट्ट म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे असं म्हणण्यासारखं आहे, असं न्यायमूर्तींनी निकालपत्रात नोंदवलं.

निकालाच्या काही दिवस आधी तडजोड झाली होती, ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची. वकील आणि निधी देणारे यांचे पैसे वजा जाऊन ५५५ जणांच्या वाट्याला सरासरी २०,००० पौंड आले. घरं गेलेल्या, दिवाळं निघालेल्या माणसांना एवढ्यात काय होणार? पण आता त्यांच्या हातात निकाल होता आणि त्याच्या जोरावर फौजदारी शिक्षांची दारं उघडली.

२३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयानं ४२ पैकी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. जो हॅमिल्टन, सीमा मिस्रा त्यात होत्या. ३९ पैकी तिघं तोवर हयात नव्हते, त्यांच्या वतीनं घरचे उभे होते. लॉर्ड जस्टिस होलरॉइड यांच्या पीठानं दोन कारणं दिली. पहिलं, अशा परिस्थितीत न्याय्य खटला होऊच शकत नव्हता. दुसरं त्याहून गंभीर होतं. होरायझनबद्दल शंका असल्याचं माहीत असूनही ते लपवून हे खटले चालवणं न्यायव्यवस्थेच्या सद्सद्विवेकाला धक्का देणारं होतं, म्हणून ते मुळात चालवायलाच नको होते. ब्रिटिश न्यायालयं हे दुसरं कारण फार क्वचित वापरतात.

तरीही शेकडो जण बाकी होते. पुष्कळांनी अपील करायलाच नकार दिला. ज्या कोर्टानं तुरुंगात धाडलं त्याच्याच पायरीवर पुन्हा चढायची त्यांच्यात ताकद नव्हती. २०२४ च्या जानेवारीत बेट्स यांच्या लढ्यावरची मालिका आयटीव्हीवर लागली आणि लोक पेटून उठले. २४ मे २०२४ रोजी संसदेनं कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अशा शिक्षा सरसकट रद्द केल्या. स्कॉटलंडनं स्वतःचा कायदा केला. कोर्टाचे निकाल संसदेनं एका फटक्यात पुसावेत का, यावर कायदेपंडितांनी चिंता व्यक्त केली आणि ती रास्त आहे. पण ही पाळी न्यायव्यवस्थेनं स्वतःवर आणली होती. एकेक प्रकरण तपासत बसलं असतं तर माणसं वाट पाहता पाहता गेली असती. गेलीही होती.

निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. होरायझनच्या त्रासापायी किमान १३ जणांनी जीव दिला असण्याची शक्यता त्यानं नोंदवली आहे. भरपाईस पात्र लोकांचा आकडा १०,००० च्या घरात आहे. वाटलेली भरपाई १ अब्ज पौंडांच्या पुढे गेली आहे. तिची गती अजूनही संथ आहे, आणि ती मागताना लोकांना जुन्याच पद्धतीनं स्वतःचं नुकसान कागदोपत्री सिद्ध करत बसावं लागलं. पोलिसांचा तपास चालू आहे. २०२५ संपेपर्यंत या प्रकरणी कोणालाही शिक्षा झालेली नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला कायद्याचा मुद्दा परका नाही. संगणकातून निघालेला पुरावा कोर्टात आणायचा तर यंत्राबद्दलचं प्रमाणपत्र सोबत हवं, ही अट भारतीय पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमात होती. ती ब्रिटनच्याच एका जुन्या तरतुदीवर बेतलेली होती. तिच्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयानं हे प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पक्कं केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात ते राहिलं आणि त्याला तज्ज्ञाच्या सहीची जोड मिळाली. ब्रिटननं जी अट जाचक म्हणून सोडली, ती भारतानं धरून ठेवली. मात्र प्रमाणपत्र देणारा पुष्कळदा यंत्राच्या मालकाचाच माणूस असतो, आणि छापील नमुन्यावरची सही यंत्रातले दोष सांगत नाही. होरायझनच्या काळात ब्रिटनमध्ये असं प्रमाणपत्र लागलं असतं तर तेही बिनदिक्कत दिलं गेलं असतं, अशी भीती तिथल्या कागदपत्रांवरून वाटते.

म्हणून मागणी त्याच्या पुढची हवी. जो तुटीचा दावा करतो, त्यानं आरोप ठेवण्याआधी यंत्राची दोषनोंदवही, बाहेरून कुणी हिशोबात हात घातला असेल तर त्याची नोंद आणि त्याच यंत्राबद्दल आलेल्या इतरांच्या तक्रारी आरोपीच्या हातात द्याव्यात. या तीन गोष्टी मिळाल्या असत्या तर सीमा मिस्रा यांचा खटला पहिल्याच दिवशी कोसळला असता. ब्रिटिश सरकारनं संगणकीय पुराव्याच्या गृहीतकाबद्दल २०२५ च्या जानेवारीत लोकांची मतं मागवली, म्हणजे निदान प्रश्न तरी मान्य झाला आहे. आपल्याकडेही आज रेशन दुकानापासून ग्रामीण टपाल कार्यालयापर्यंत आणि पतसंस्थेच्या काउंटरपासून बँकमित्रापर्यंत हजारो माणसं यंत्राच्या आकड्याखाली स्वतःच्या नावानं जबाबदारी घेतात. त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर एवढंच सांगणं: न पटलेल्या आकड्यावर सही करू नका, हरकत त्याच दिवशी लेखी द्या, तिची पोच घ्या, आणि आपल्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधा.